फिफ्टी-फिफ्टीचा डब्बा

बिरसीच्या विमानतळाजवळ, जिथं शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावर घिरट्या घालतात, तिथल्या एका गावात कटऱ्यांचं घर विचारलं तर लोक उलट विचारतात, "कोनाचं? मोठ्याचं का लहान्याचं?" आता घर एकच आहे बरं का! कवेलूचं छप्पर एक, अंगण एक, विहीर एक. पण झामसिंग आणि छोटेलाल या सख्ख्या भावांनी त्याची वाटणी अशी काटेकोर केली, की बघणाऱ्यानं हात जोडावेत. अंगणातल्या आंब्याच्या उगवतीकडच्या फांद्या मोठ्याच्या, मावळतीकडच्या लहान्याच्या. आंबा कोणाच्या बाजूला पडला ते नाही पाहायचं, तो सुटला कोणत्या फांदीवरून ते पाहायचं! त्यासाठी वैशाखात दोन्हीकडचं एकेक माणूस झाडाखाली खाट टाकून बसायचं. आंबे राहिले बाजूला, माणसंच पिकायची उन्हात.

वाटायचं राहिलं ते फक्त देवघर. देवाचे दोन भाग करायला पंचांनी ऐनवेळी नकार दिला, म्हणून ती खोली सामाईक. आणि या सामाईक देवघरात, देवांच्या बरोबर वर, एका खिळ्याला तो डब्बा लटकत होता.

डब्बा म्हणजे फायरवॉल राउटर. नाव भारदस्त आहे, काम साधं. बाहेरून आलेलं इंटरनेट घरात वाटायचं आणि नको ते दाराबाहेर ठेवायचं. झालं होतं असं, की झामसिंगनं एका कंपनीचं ब्रॉडबँड घेतलं. त्याच महिन्यात छोटेलालनं दुसऱ्या कंपनीचं घेतलं. गरज होती म्हणून नव्हे, दादाकडं आहे म्हणून. मग दोघांचा भाचा दुर्गेश आला. मंजू नावाची यांची एकुलती एक बहीण, तिचा हा मुलगा. गोंदियात त्याचं कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचं दुकान.

"मामा, दोन्ही लाईनी एकाच डब्ब्यात टाकू," दुर्गेश म्हणाला. "डबल स्पीड भेटते. एक गेली तर दुसरी हायच. वायरस-गियरस सब बाहर."

दोघांनी माना डोलावल्या. दुसऱ्याची लाईन आपल्याला फुकट वापरायला मिळणार, हा हिशेब दोघांच्याही डोक्यात एकाच वेळी आला होता, आणि तो दुसऱ्याला कळला नाही याचा आनंद दोघांच्याही तोंडावर दिसत होता.

आता दुर्गेशनं त्या डब्ब्यात काय करून ठेवलं, त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. का, ते सांगतो. इकडच्या पोवार समाजात भाचा पूज्य. मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा मामाच्या नाही. पोरगं रांगत असलं तरी पांढऱ्या मिशांचा मामा वाकतो! त्याला काम सांगायचं नाही, त्याला उष्टं द्यायचं नाही, आणि त्यानं केलेल्या कामात खोट तर मुळीच काढायची नाही. तेव्हा भाच्यानं स्वतःच्या हातानं लावलेला डब्बा, तोही देवघरात. झामसिंगच्या बायकोनं, राजकुमारीनं, पहिल्याच दिवशी त्याला हळदकुंकू लावलं. रोज उदबत्तीचा धूर खाऊन डब्ब्याची जाळी काळी पडली, पण पुसायची कोणाची टाप नव्हती.

या सगळ्यात भरडली जात होती ती रविता.

रविता झामसिंगची सून, लोकेंद्रची बायको, आमगावकडची. लोकेंद्र शाळेत मास्तर. घरी धान भरपूर, खाण्यापिण्याची ददात नाही. तरी रवितानं नोकरी धरली होती. पुण्याची एक कंपनी विम्याचे दावे तपासायची, दवाखान्यांची बिलं खरी की फुगवलेली ते पाहायची. ते काम रविता आपल्या खोलीत लॅपटॉपवर बसून करायची. घरात कोणाला त्याचं कौतुक नव्हतं. "हौस हाय तर करते," लोकेंद्र लोकांना सांगायचा.

पण रवितासाठी ती हौस नव्हती. या घरात आल्यापासून ती सूनबाई होती, वहिनी होती, "लोकेंद्रची" होती. सकाळी लॅपटॉप उघडला की पलीकडून कोणीतरी म्हणायचं, "गुड मॉर्निंग, रविता." एवढ्यासाठी तिचा जीव त्या नोकरीत अडकला होता. ती गेली असती तर तिचं नावच घरातून गेलं असतं, असं तिला वाटायचं, आणि ते काही चूक नव्हतं.

आणि नोकरी जायच्या बेतात होती. काम करता करता पडदा पांढरा व्हायचा आणि कंपनी म्हणायची, पुन्हा लॉगिन करा. केलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. अर्धा तपासलेला दावा हवेत! तिच्या वरच्या टीना मॅडमचा फोन यायचा, "रविता, तू सारखी कुठं उठून जातेस?" आता काय सांगावं? ढुंगण हलवलं नाही बाईनं खुर्चीवरून.

शेवटी तिनं सासऱ्यांच्या कानावर घातलं. झामसिंग ओसरीवर सुपारी कातरत होते.

"लाईन लहान्याची खराब हाय," ते ताबडतोब म्हणाले. "चाल, दाखवतो तुले."

चपला काढून ते देवघरात गेले आणि त्यांनी छोटेलालची तार डब्ब्यातून उपटली. रविता कामाला बसली. खरंच, एकदाही बाहेर फेकली गेली नाही. झामसिंग सगळ्या अंगणात ऐकू जाईल असं म्हणाले, "पाह्य! म्हनलो होतो का नाई?"

पलीकडून छोटेलाल तरातरा आले. "दादा, माही तार काऊन काढली? तुह्याच लाईनीत दम नाई!" त्यांनी आपली तार खोचली, मोठ्याची उपटली आणि रविताला म्हणाले, "आता बस सूनबाई, अन् पाह्य." रविता बसली. काम पुन्हा लोण्यासारखं चाललं.

झालं! दोघांनी दुसऱ्याला खोटं पाडलं होतं, दोघं छाती काढून आपापल्या दारात गेले, आणि जाताना दोन्ही तारा पुन्हा खोचून गेले. हक्क कोण सोडणार? पाण्याचा घोट घेईपर्यंत रविताचा पडदा पांढरा झाला.

ती डोक्याला हात लावून बसली, पण तिच्या डोक्यात आता प्रकाश पडला होता. लाईन याचीही चांगली, त्याचीही चांगली. दोन्ही एकत्र आल्या की बिघडतं. या घरात हे नवीन नव्हतं.

तिनं दुर्गेशला फोन केला. दुर्गेश आला, पण मिस्त्री म्हणून नाही, भाचा म्हणून आला. झामसिंगनी तांब्याच्या परातीत त्याचे पाय धुतले. लगेच छोटेलालनी त्यांच्या ओसरीवर नेऊन पितळेच्या परातीत पुन्हा धुतले. मोठ्याकडं सुवारी म्हणजे पुऱ्या आणि खीर झाली, तर लहान्याकडं वडे आणि खीर. दोन्हीकडं पोटभर जेवावं लागलं, कारण एकीकडं घास कमी घेतला तर तो मोजला गेला असता. मग भाचेबुवा आडवे झाले. रविता दाराशी ताटकळत उभी. लॅपटॉप वाट पाहतोय, टीना मॅडम वाट पाहतायत, आणि हा बाबा घोरतोय! तिला असा संताप आला की पाण्याचा तांब्या ओतावा त्याच्यावर. पण भाचा होता ना.

उन्हं कलल्यावर दुर्गेश उठला. देवघरात दोघंच असताना रवितानं विचारलं, "भाऊजी, तुमी दोन्ही लाईनी अर्ध्याअर्ध्या चालवल्या हाय का?"

"एकदम फिफ्टी-फिफ्टी, भाभी," दुर्गेश अभिमानानं म्हणाला. "पयला कागद मोठ्या मामाच्या लाईनीनं, दुसरा लहान्या मामाच्या लाईनीनं. राईभर फरक नाई."

"म्हनूनच कंपनी मले बाहेर काढून राह्यली! मी एकदा एका दारानं जाते, एकदा दुसऱ्या दारानं. त्यायले वाटते मानूसच बदलला."

दुर्गेशनं दाराबाहेर पाहिलं, मग हळूच म्हणाला, "मालूम है, भाभी."

"मालूम हाय? मंग एक लाईन मुख्य काऊन नाई ठेवत? दुसरी मागं राहू द्या. पयली गेली का दुसरी लागंन."

दुर्गेशचा चेहरा असा उतरला की जणू डब्ब्यात साप निघाला. "ये मत बोलो, भाभी. कोनता मामा मुख्य अन् कोनता मागं? माह्या लग्नात दोघायनं बरोबरीचं केलं. मी त्यायच्यात फरक करू? माही माय मले घरात घेनार नाई." आणि त्यानं जोडे घातले, दोन्हीकडचे जेवणाचे डबे उचलले आणि गोंदियाला निघाला. दोघं मामा वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि वाकून पाया पडून परत आले. काम? काम जिथल्या तिथं.

म्हणजे बघा, माणूस अडाणी नव्हता. सगळं ठाऊक होतं त्याला. पण भाचेपण सांभाळायचं म्हणून हा पठ्ठ्या पहिल्या दिवसापासून मूग गिळून बसला होता.

मग रवितानंच विषय काढला. संध्याकाळी दोघं भाऊ अंगणात आपापल्या खाटांवर होते. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि समजावून सांगितलं. एक लाईन पुढं, एक मागं. पुढची थकली की मागची धावेल.

छोटेलालनी एकच विचारलं, "मागं कोनाची?"

पुढं कोणाची, हे कोणी विचारलं नाही.

"तुही राहीन," झामसिंग म्हणाले. "लहाना तू होस."

"म्हंजे मी स्टेपनी?" छोटेलाल खाटेवरून उठलेच. "मी काय गाडीच्या मागं लटकवाची स्टेपनी होय? तुह्याइतकाच हिस्सा हाय माहा या घरात! उद्या देवघराच्या मधात भीत बांधतो, मंग तुह्या डब्ब्यात तू अन् माह्यात मी!"

"बांध! देव कोनाकडं जाते ते पाहू!" झामसिंग गरजले. शेजारचे लोक कुंपणाशी जमले. कटऱ्यांच्या घरचं भांडण म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. रविता आत पळाली. तिनं उशीत तोंड खुपसलं आणि तिला रडू आलं. "सोडून दे न नोकरी," लोकेंद्र वह्या तपासता तपासता म्हणाला. "घराची शांती महत्त्वाची." तिनं उत्तर दिलं असतं तर शांती आणखी गेली असती.

दोन दिवसांनी झामसिंगनीच तोड काढली. अर्थात ती त्यांना शेतात सुचली. "कालव्याच्या पान्याची पाळी रायते न? तशी लाईनीची पाळी लावा. एक दिवस माहा, एक दिवस लहान्याचा. मागं-पुढं कोनी नाई." छोटेलालनी बराच वेळ दाढी खाजवली, यात आपण कुठं फसतो आहोत का ते पाहिलं, आणि हो म्हणाले. दुर्गेशनं गोंदियातूनच बटणं दाबली. सूर्य उगवला की पाळी बदलायची. ज्याची पाळी, त्याच्याच लाईनीवर घर चालायचं, आणि ती बंद पडली तर दुसरी आपोआप लागायची.

आणि काय आश्चर्य, चाललं! रविताला कंपनी बाहेर काढेना. दावे भराभर निघू लागले. टीना मॅडम म्हणाल्या, "आता कसं, रविता!" रविता दिवसभर गुणगुणत होती. ज्याची पाळी असेल तो भाऊ ऐटीत देवघरात एक चक्कर मारून यायचा, बांधावर पाणी बघायला जावं तसा.

पण दिवस धानकापणीचे होते. झामसिंगच्या पाळीच्या दिवशी तणसानं उंच भरलेली एक ट्रॉली वळणावरून गेली आणि वर लोंबणारी झामसिंगच्या कंपनीची तार सोबत ओढून घेऊन गेली. रविताचा पडदा मध्येच थबकला. ती धावत देवघरात आली. बघते तर डब्ब्यावरचे सगळे दिवे हिरवेगार! दुसरी लाईन लागलीच नव्हती.

तिनं दुर्गेशला फोन लावला.

"भाऊजी, बाबूजींची तार रस्त्यावर तुटून पडली हाय, अन् तुमचा डब्बा म्हनते सगळं ठीक!"

पलीकडं दुर्गेश घुटमळला. "भाभी, डब्बा बाहेरचं इचारतच नाई. घरातल्या मोडेमलेच इचारते, का बाबा, तू हायस का? मोडेम म्हनते, हाव. मंग डब्बा हिरवा."

"असं काऊन ठेवलं?"

"बाहेरचं इचारलं असतं तर ज्या मामाची लाईन गेली त्याचा दिवा लाल झाला असता. अन् दुसरा मामा रोज येऊन लाल दिवा दाखवत बसला असता. घरात झगडा नको म्हनून मीच ते तपासनं बंद केलं."

रविताला हसावं की डोकं आपटावं कळेना. मामांच्या अब्रूसाठी यंत्राचे डोळे बांधून ठेवले होते या माणसानं! खुर्चीवर कोट टांगून साहेब गावाला गेलेला असतो आणि शिपाई सांगतो, साहेब हायत, तसा हा कारभार.

"बरं, मोठ्या मामाची तार काढा," दुर्गेश म्हणाला. "का लगेच दुसरी लागंन."

तिनं तारेला हात लावला, तोच मागून झामसिंगचा आवाज आला. "सूनबाई! आज पाळी माही. माह्या पाळीत माही तार काढतेस?"

"बाबूजी, तुमची लाईन बंद हाय. तिकडं वळणावर तुटली."

"दिवा हिरवा हाय," झामसिंग म्हणाले. "भाच्याचा डब्बा खोटं बोलंन का?"

ती अंगण ओलांडून छोटेलालकडं गेली, अक्षरशः हात जोडले. "काकाजी, तुमची लाईन चालू हाय. बाबूजींना सांगा न तार काढू द्यायले. माही नोकरी जाते."

छोटेलालना तिची दया आली नव्हती असं नाही. पण ते मान हलवून म्हणाले, "आज माही पाळी नाई, बाई. मोठ्याच्या पाळीत मी पानी घेतलं तर उद्या तो माह्या पाळीत घेईन. आज कायदा मोडला का मोडलाच."

फोनवरून इंटरनेट जोडावं, तर तिच्या कंपनीला ते चालत नव्हतं. रविता देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. एक लाईन मेलेली आणि तिचा दिवा हिरवा. दुसरी जिवंत आणि तिची पाळी नाही. राजकुमारी आतल्या दाराशी उभी राहून हे सगळं पाहत होती. तिनं सुनेसमोर पाण्याचा लोटा ठेवला आणि ती चुलीकडं गेली.

संध्याकाळी टीना मॅडमनी स्वच्छ सांगितलं. बाई वाईट नव्हती, पण तिच्याही डोक्यावर कोणीतरी होतं. "सोमवारी दिवसभर तुझं काम आम्ही इथून बघणार आहोत, रविता. एकदा जरी तुटलं, तर पुण्याला ऑफिसात येऊन बस, नाहीतर राजीनामा दे. मला दुसरा मार्ग नाही." पुणं! लोकेंद्रची शाळा इथं, हिचा संसार इथं. म्हणजे राजीनामाच.

त्या रागात रविताच्या डोक्यात ते आलं. इतके दिवस ती या दोन लाईनींना एकमेकींशी नीट वागायला शिकवत होती. ज्या गोष्टीत पंचांनी हात टेकले, ती डब्ब्याकडून होणार होती काय? तिनं लोकेंद्रला विचारलं नाही. सरळ उदारामला फोन केला. उदाराम गावोगावी तारा ओढणारा केबलवाला. त्याच्याकडं तिसऱ्याच कंपनीची लाईन होती.

शनिवारी उदाराम वेटोळं खांद्यावर टाकून अंगणात उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "कोनाच्या नावानं लिवू?"

"रविता कटरे," रविता म्हणाली.

छोटेलाल खाटेवरून ताडकन उठले. "थांब! हे कोनतं नवीन? दादाच्या घरची सून, म्हंजे दादाकडं आता दोन लाईनी अन् माह्याकडं एक? वाटनी अशी झाली होती का?"

गेलं सगळं, रविताला वाटलं. आता हा म्हणेल मलाही चौथी पाहिजे, मग पंच बसतील, आणि सोमवार उजाडेल. उदारामनं वेटोळं खाली ठेवलं. त्याला या घराचा अनुभव होता.

"अरे लहान्या, जरा डोकं चालव," झामसिंग म्हणाले. "लोकेंद्रच्या नावानं असती तर तुहं बरोबर होतं. लोकेंद्र हिस्सेदार हाय. हे सुनेच्या नावानं हाय. सुनेले कोन हिश्श्यात मोजते?"

छोटेलाल विचारात पडले. त्यांनी आंब्याकडं पाहिलं, विहिरीकडं पाहिलं. मग त्यांचा चेहरा निवळला. "हे बरोबर म्हनला दादा. सून मोजत नाईत."

"मंग? तिची लाईन तुह्याकडंही नाई, माह्याकडंही नाई."

"नाईच. लाव रे उदाराम, तार लाव."

दोघा भावांचं असं गोडीगुलाबीनं एकमत झालेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. उदाराम शिडीवर चढला. रविता उभी होती तिथंच उभी राहिली. तिला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि कोणीतरी सणसणीत थोबाडीत मारल्यासारखं तिचं तोंड लाल झालं होतं.

रविवारी दुर्गेश आला. पाय धुणं झालं, दोन्ही परातींत झालं. पण या वेळी जेवणाआधी रवितानं त्याला देवघरात बसवलं आणि स्वतः शेजारी पाट घेऊन बसली. "भाऊजी, माही लाईन मुख्य करा. या दोन्ही मागं ठेवा."

दुर्गेशनं घाबरून बाहेर पाहिलं. दोघं मामा दारातच होते.

"मामा," तो चाचरत म्हणाला, "तुमच्या दोघायच्या लाईनी भाभीच्या मागं ठेवू का?"

"दोघायच्या?" झामसिंगनी विचारलं.

"दोघायच्या. एकाच रांगेत. राईभर मागं-पुढं नाई."

"मंग ठेवा न," छोटेलाल म्हणाले. "बरोबरीत हाय तर काय होते? सुनेच्या मागं म्हंजे काई मागं नाई."

दुर्गेशनं असा सुस्कारा सोडला की समईची वात हलली. त्यानं भराभर बटणं दाबली. रविताची लाईन वर, तिच्या खाली दोघा मामांच्या, अगदी शेजारी शेजारी. मग रवितानं त्याच्याकडून तेही तपासणं सुरू करून घेतलं, की डब्ब्यानं घरातल्या मोडेमला नव्हे, बाहेरच्या जगाला विचारावं, बाबा, तू आहेस का? आता कोणाची लाईन गेली तर दिवा लाल होणार होता. पण दोघांच्या लाईनी रिकाम्याच बसणार होत्या, त्यामुळं त्या लाल झाल्या काय नि हिरव्या राहिल्या काय, कोणाला पडली होती!

"भाभी, आपने मेरी जान छुडाई," दुर्गेश जाताना म्हणाला. त्याला म्हणे या डब्ब्यापायी रात्ररात्र झोप नव्हती. रविताच्या अगदी ओठावर आलं होतं, की भाऊजी, हे तुम्ही पहिल्याच दिवशी तोंड उघडून सांगितलं असतं तर? पण तोवर दोघं मामा त्याच्या पायाशी वाकले होते, आणि वाकलेल्या माणसांच्या डोक्यावरून काय भांडणार?

सोमवारी रविता देवाला नमस्कार करून बसली. देवाला की डब्ब्याला, तिचं तिलाच ठाऊक. दार लावून घेतलं. वर बिरसीचं विमान घोंगावत होतं आणि अंगणात धान झोडणं चाललं होतं. दुपारपर्यंत एकदाही तुटलं नाही. दुपारनंतरही नाही. उन्हं उतरल्यावर टीना मॅडमचा आवाज आला, "शाब्बास, रविता. तुझं घरूनच चालू राहू दे." रवितानं लॅपटॉप मिटला आणि खोलीतल्या खोलीत, कोणी बघत नाही असं पाहून, एक गिरकी घेतली.

बाहेर आली आणि सांगितलं. झामसिंग खाटेवर ऐसपैस बसून मोबाईलवर क्रिकेट बघत होते. "मी म्हनलो नव्हतो का?" ते म्हणाले. "माही लाईन दमदार हाय."

"तुही काऊन?" अंगणापलीकडून छोटेलाल ओरडले. तेही क्रिकेटच बघत होते. "माही म्हन! पाह्य, कशी पळून राह्यली!"

दोघांचंही क्रिकेट रविताच्या लाईनीवरून येत होतं. डब्बा, दिवे, तारा, सगळं तिच्या नावावर चाललं होतं. तिला वाटलं, ओरडून सांगावं. तीन आहेत म्हणावं, तीन! मोजा एकदा! ती तशीच चुलीपाशी गेली आणि सासूसमोर धपकन बसली.

"आई, या घरात मले कोनी मोजतच नाई का वो?" ती म्हणाली. "एवढं सगळं केलं मी. अन् काकाजी म्हनते, सून मोजत नाईत."

राजकुमारी भात वैरत होती. ती वळली नाही.

"माह्या मायनं मले लग्नात पानी भराची पितळेची सहा गुंडं देल्ली होती," ती म्हणाली. "मोठमोठी. वाटनीच्या दिवशी ते पंचायनं बाहेर काढून मोजली. मोजली, म्हनून तीन लहान्याच्या घरी गेली. तुही लाईन कोनी मोजली नाई, म्हनून ते पूरी तुही राह्यली."

अंगणात दोघं भाऊ अजून भांडत होते, कोणाची लाईन जास्त पळते म्हणून. रविताला हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

राजकुमारीनं पदरानं तिचं तोंड पुसलं. "चूप राह्य," ती हळूच म्हणाली. "त्यायले मोजू नको लावू."